हात आवरणारा वस्ताद

देवळाली कॅम्प परिसरातील एका माजी सैनिकाचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव छापलेले नाही, आणि पत्र थोडे संक्षिप्त केले आहे.

"ताई, मी मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षे सेवा करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. गेल्या वर्षापासून पंचवटीत एका मंडळाच्या सभागृहात संध्याकाळी मुलांना आत्मसंरक्षण शिकवतो. सुरुवातीला १० ते १७ वयाची ३४ मुले होती, त्यांत ११ मुली. पहिल्या तीन महिन्यांत १२ जणांनी वर्ग सोडला, त्यांत ७ मुली होत्या. गेल्या महिन्यात १३ वर्षांच्या एका मुलाची जोडी मी १६ वर्षांच्या मुलाशी लावली. तो दोनदा पडला, त्याच्या डोळ्यांत पाणी आले, म्हणाला, 'सर, आता नको.' मी म्हणालो, 'सैनिक रडत नाही. ऊठ.' तो उठला. पुढच्या फेकीला तो हातावर पडला आणि मनगट मोडले. दवाखान्यात त्याचे वडील माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मंडळाचे लोक म्हणतात, असे चालायचेच, कडकपणा सोडू नका, पालकांना फौजी शिस्तच हवी आहे. पत्नी म्हणते, वर्ग बंद करा. मला भरतीनंतर याहून कडक उस्ताद मिळाले होते आणि त्यांच्यामुळेच मी घडलो, असे मी मानतो. मग माझे चुकले कुठे? लढायला शिकवणारा माणूस नेमका कसा असावा? आणि मी पुन्हा त्या मुलांपुढे उभे राहावे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. तुम्ही पुन्हा त्या मुलांपुढे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या हातून लेकराला इजा झाली म्हणून ज्याच्या जिवाला घोर लागतो, असा शिकवणारा सहजी मिळत नाही, आणि तुमच्या पत्राच्या ओळीओळीत तो घोर दिसतो. मात्र त्याआधी तुम्हाला त्या मुलाच्या घरी जावे लागेल, आणि तेथे गेल्यावर वडिलांशी बोलून परत न येता त्या मुलासमोर बसावे लागेल. 'तू नको म्हणालास ते बरोबर होते, मी ऐकले नाही ते चूक होते,' एवढेच सरळ शब्दांत सांगावे. त्यानंतर 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. 'पण तुझ्या भल्यासाठीच' असे एकदा तोंडून गेले की आधीचे वाक्य मुलाच्या मनातून पुसले जाते.

हेच वाक्य वर्गातही सगळ्यांसमोर म्हणावे. त्याला डोळे पुसत उठताना ज्या एकवीस मुलांनी पाहिले, त्यांनी त्या संध्याकाळी तुमच्याकडून एक धडा घेतलेला आहे: आपण नको म्हणालो तरी सर ऐकत नाहीत. आत्मसंरक्षणाच्या वर्गात याहून उलटा धडा असू शकत नाही. तुमच्या नकाराला किंमत आहे, आणि समोरच्याने ती किंमत ठेवली नाही तर काय करायचे, हे शिकवण्यासाठीच आपण मुलांना बोलावतो, आणि मग त्यांचा पहिला नकार आपणच मोडून काढतो. सात मुली का गेल्या असाव्यात याचे निम्मे उत्तर मला येथेच दिसते. उरलेल्या निम्म्याकडे पुढे येते.

मनगट मोडले तो क्षण अपघाताचा होता, परंतु त्या क्षणापर्यंतची वाट तुम्ही आखली होती. या वयात तीन वर्षे म्हणजे फार मोठे अंतर असते. तेवढ्या काळात मुलाचा आवाज फुटतो, खांदे रुंदावतात, वजन पंधरा-वीस किलोंनी वाढू शकते. आपल्याकडे जत्रेच्या फडातसुद्धा पंच दोन्ही मल्लांना शेजारी उभे करून, खांदे आणि मांड्या पाहूनच जोड ठरवतात, आणि जोड विजोड असेल तर कडेला बसलेली माणसेच आरडाओरडा करतात. तुमच्या सभागृहात ओरडायला कोणी नव्हते, म्हणून ते काम तुम्ही करायला हवे होते.

त्याहून मोठी चूक मला दिसते ती अशी की त्या मुलाला पडताच येत नव्हते. तोल गेल्यावर हात पुढे टेकवणे ही माणसाची उपजत सवय आहे, आणि मुलांची मनगटे बहुतेक वेळा अशीच मोडतात. १३ वर्षांच्या मुलाच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेचा थर असतो; तो भोवतालच्या स्नायुबंधांपेक्षा कमकुवत असतो, त्यामुळे जेथे मोठ्या माणसाचे मनगट नुसते मुरगळते, तेथे मुलाचे हाड जाऊ शकते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही आपली शाळा स्थापन करून ज्या ज्युदोची मांडणी केली, त्यात आजही फेकण्याआधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकलेली, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतच्या सबंध हाताने मॅटवर थाप. हे आधी आडवे पडून, मग उकिडवे बसून, मग उभ्याने, मग चालता चालता. मी ३१ वर्षे नाशिकमध्ये ज्युदो शिकवला, आणि माझ्याकडे आलेले नवे मूल पहिले दोन महिने कोणाला फेकत नसे आणि कोणी त्याला फेकत नसे. ते फक्त पडत असे. पालक दाराशी येऊन विचारत, 'मॅडम, लढायला कधी शिकवणार?' मी त्यांना सांगत असे की ज्याला पडण्याची भीती उरली नाही, त्याचे निम्मे लढणे शिकून झाले आहे. मंडळांच्या सभागृहांत बहुधा शहाबादी फरशी असते. त्यावर सतरंजी अंथरून फेकी शिकवत असाल तर ते आजपासून थांबवा. मॅट मिळेपर्यंत पकड सोडवणे, पावले, अंतर राखणे आणि आवाज यांवरच काम करा. तेही काम थोडेथोडके नाही.

हे सांगण्याचा अधिकार मला चुका न करता मिळालेला नाही. १९९०च्या दशकात माझ्या वर्गात १२ वर्षांची एक मुलगी होती. एका फेकीत तिचे डोके मॅटच्या कडेला आपटले. ती उठून बसली, पट्टा सैल झाला होता म्हणून गाठ सोडून पुन्हा बांधू लागली, आणि ती गाठ तिला बांधता येईना. वर्षभर रोज बांधलेली गाठ. पट्ट्याची दोन्ही टोके दोन हातांत धरून ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, 'मॅडम, डोकं जड वाटतंय.' जिल्हा स्पर्धा आठवड्यावर आली होती. मी वाकून तिची गाठ स्वतः बांधली आणि म्हणाले, 'काही नाही होत, चल.' तिने आणखी दोन लढती केल्या. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यावे लागले. देवाच्या कृपेने ती पूर्ण बरी झाली. चौथ्या दिवशी तिची आई आली, प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेली. त्या मुलाच्या वडिलांचे गप्प राहणे तुम्ही लिहिले आहे, ते मला पत्र वाचताना ऐकू आले.

डोक्याला मार लागल्यावर गोंधळणे, नेहमीचे साधे काम न जमणे, डोके जड होणे ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे आहेत. नुसता संशय आला तरी त्या दिवशी त्या मुलाला पुन्हा उतरवायचे नसते, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नंतरही नाही, कारण पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. ते सगळे त्या गाठीत लिहिलेले होते, आणि मी ते वाचण्याऐवजी गाठ बांधून मोकळी झाले.

आता तुमच्या उस्तादांविषयी. फौजेतला 'उस्ताद' आणि आपल्या तालमीतला 'वस्ताद' हा मुळात एकच फारसी शब्द आहे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये तुम्हाला जे उस्ताद मिळाले, त्यांचा मी अनादर करणार नाही. पण त्यांच्या हाताखालचा रंगरूट कसा असतो हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तो वैद्यकीय तपासणीतून निवडून आलेला असतो, आपल्या मर्जीने भरती झालेला असतो, पोटभर जेवतो, वेळेवर झोपतो, दुखले-खुपले तर एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या तपासणी-दवाखान्यात, जातो आणि दिवसभर उस्तादाच्या नजरेसमोर असतो. रगड्याच्या, म्हणजे फौजेतल्या त्या अंग मोडून काढणाऱ्या कसरतीच्या, मागे एवढी सगळी व्यवस्था उभी असते. तुमच्याकडे येणारा सातवीतला मुलगा शाळा आणि शिकवणी उरकून, कित्येकदा दुपारच्या डब्यावरच, दिवसाच्या शेवटच्या एका तासासाठी येतो. त्याला वर्गात घातले आहे ते आईवडिलांनी, आणि त्याचे पोट, झोप, ताप यांतले तुम्हाला काही ठाऊक नसते. व्यवस्था मागे ठेवून फक्त रगडा उचलून आणला की तो नुसता जाच उरतो.

शिवाय एकदा शांतपणे आठवून पाहा, त्या उस्तादांपैकी तुम्हाला आज कोण आठवतो? देवळालीत आणि नाशिकरोडला भेटलेल्या कितीतरी माजी सैनिकांना मी हा प्रश्न विचारला आहे. सर्वांत मोठ्या आवाजाचा उस्ताद त्यांना आठवतो खरा, पण आवाज सांगून ते थांबतात. ज्याच्याविषयी ते भरभरून बोलतात, तो बहुधा लांबच्या मार्चनंतर रात्री बराकीत येऊन प्रत्येकाचे पाय बघणारा, फोड आलेल्याला दुसऱ्या दिवशीसाठी मोजे कसे घालायचे ते दाखवणारा असतो. तुम्हाला त्याने घडवले असेल, तर तुम्ही त्याच्यातले काय उचलून पंचवटीत आणले, हे तुम्हीच स्वतःला विचारा.

योद्ध्याचे शील कशात असते याविषयी तुमच्याच रेजिमेंटमधले उदाहरण देते. शिपाई नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यातले, ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रूच्या मशिनगनचे तीन मोर्चे त्यांनी एकट्याने उद्ध्वस्त केले. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून हातबॉम्ब वापरले, आणि शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. हे सांगताना मुलांचे डोळे चमकतात. पण त्याच्या आधी जे घडले तेथे मी मुलांना थांबवत असे. दोन जखमी साथीदारांना त्यांनी गोळीबारातून, खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवले, आणि त्यानंतर ते मोर्च्यांवर गेले. पडलेल्याला आधी उचलायचे आणि मग शत्रूकडे वळायचे, हा क्रम त्यांना त्या क्षणी कोणी शिकवलेला नव्हता. तो अंगात मुरलेला होता. तुमच्यासमोर दोनदा पडलेला तो मुलगा पाहताना हा क्रम तुमच्या मनात असता, तर त्या संध्याकाळी काय झाले असते याचा विचार करा.

आणखी एक उदाहरण आपल्या सर्वांच्या घरचे आहे. १६७०च्या दशकात चिपळूणला छावणी करून असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण बेताने वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील आणि तुम्हीच ती मारल्यासारखे होईल. रयतेच्या घरातून दाणा, गवत, भाजी काही उचलू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या. रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील. लढवय्यांच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात उंदराने नेलेल्या वातीची काळजी आहे. मला वाटते, लढायला शिकवणाऱ्या माणसाची नजर अशी असावी. दोन मॅटांच्या मधली फट, मुलीच्या कानातले डूल, वाढलेली नखे, कोपऱ्यातले उघडे खिळे, रिकामी पाण्याची बाटली, आज गप्प असलेला एरवीचा बडबड्या मुलगा, हे सगळे वर्ग सुरू होण्याआधी ज्याला दिसते, त्याच्या हाती मुले द्यावीत.

माझ्या लहानपणी पंचवटीतल्या एका तालमीत वडिलांना बोलवायला मी जात असे. मुलींना आत जायची मुभा नव्हती, म्हणून मी उंबऱ्याशी उभी राहायचे. तेथले म्हातारे वस्ताद कोणी पोरे येण्याआधी फावड्याने हौद्याची लाल माती खालीवर करायचे, आणि मग अनवाणी पायांनी ती माती वीतभर वीतभर दाबत सबंध हौदा फिरायचे. पायाखाली खडा लागला की वाकून तो उचलायचा आणि बंडीच्या खिशात टाकायचा. ठरलेल्या दिवशी मातीत ताक, तेल आणि हळद पडायची. मग लहान पोरांना ते स्वतःच्या अंगावर घ्यायचे. दहा वर्षांच्या पोराने पट काढला, म्हणजे पाय धरून खेचला, की सत्तरीचा तो माणूस खरोखर पडायचा, मातीत पाठ टेकायचा, उठून पोराच्या पायाची जागा बोटभर सरकवायचा आणि म्हणायचा, 'आता काढ.' पुढच्या वेळी तो थोडा जास्त जोर लावून उभा राही. पोराला जितके पेलेल, त्याहून चिमूटभर जास्त.

प्रतिकाराचा हा चढता भार तुम्हाला शिकून घ्यावा लागेल, कारण आपल्या विद्येचा कस त्यातच आहे. माणूस घाबरला की छाती धडधडते, नजर आखडते, बोटांचे बारीक काम सुटते. शांतपणे शिकलेला नाजूक डाव त्या घटकेला उपयोगी पडत नाही, आणि म्हणून मुलांना कधीतरी धडधडत्या छातीने सराव द्यावाच लागतो. कडकपणाच्या बाजूने बोलणारे येथवर बरोबर आहेत. पण तो भार पायरीपायरीने चढवायचा असतो: आधी जोडीदार नुसता उभा, मग चालता, मग ढकलणारा, मग ओरडणारा, आणि प्रत्येक पायरीवर मुलाच्या हातात थांबवण्याची खूण. ज्युदोत दोनदा थाप मारली की पकड त्या क्षणी सुटते, समोर जगज्जेता असला तरी. ज्या मुलाला आपण थांबवू शकतो हे ठाऊक असते, ते मूल स्वतःहून पुढची पायरी मागते. मी हे शेकडो मुलांत पाहिले आहे. ज्याला ते ठाऊक नसते, ते मूल पहिल्याच पायरीवर अंग चोरते आणि आपण त्याला भित्रे म्हणतो.

'वस्ताद एक डाव राखून ठेवतो' असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. शिष्य उलटला तर वस्तादाकडे त्याला चीत करायला एक डाव शिल्लक असावा, असा त्याचा अर्थ. मला ही म्हण कधीच पटली नाही. ज्याला आपल्याच पट्ठ्याची भीती वाटते, त्याने त्याला पुरते शिकवलेले नसते, आणि ज्याच्यात उलटण्याची वृत्ती दिसते त्याला डाव कमी शिकवून भागत नाही. त्याला शिकवणेच थांबवून आधी माणूस म्हणून हाती घ्यावे लागते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडतात. ते परत घ्या असे सांगितल्यावर अर्जुन परत घेतो, अश्वत्थाम्याला ते जमत नाही. गुरू एकच, विद्याही तीच. आणि द्रोणांनी मुलाला ती दिली होती ती त्याच्या हट्टामुळे, मन मानत नसताना. १९८५पासून आपल्या देशात उत्कृष्ट प्रशिक्षकाला द्रोणाचार्यांच्या नावाचा पुरस्कार देतात. त्या नावाबरोबर ही गोष्टही प्रत्येक प्रशिक्षकाने जवळ बाळगावी असे मला वाटते, कारण सोडणे शिकवायला थोडे महिने पुरतात आणि परत घेणे शिकवायला शिकवणाऱ्याचे सगळे वागणे खर्ची पडते. मुले ते आपल्या तोंडून शिकत नाहीत. संतापलेल्या क्षणी आपण आवाज खाली आणतो का, थकलेल्या मुलाला बसू देतो का, चुकल्यावर कबूल करतो का, हे ती बघत असतात.

म्हणून तुम्ही त्यांना तुमच्या भीतीविषयीही सांगा. १७ वर्षांच्या नोकरीत तुम्हाला कधी भीती वाटली नाही, असे तुम्ही म्हणणार नाही याची मला खात्री आहे. 'सैनिक रडत नाही' हे तुम्ही त्या मुलाला सांगितलेत, परंतु रात्रीच्या पहाऱ्यावर हात गार पडले होते आणि तरीही पहारा कसा केला, हे सांगितले असते तर त्याला आपल्या थरथरत्या हातांचे काय करायचे ते कळले असते.

मुलींविषयी आता. ज्या सात मुली गेल्या, त्यांच्या घरी एखाद्या जाणत्या बाईला पाठवून कारण विचारा, आणि जे उत्तर येईल त्यावर खुलासा न देता ते लिहून घ्या. वर्गात एक स्त्री सहायक असल्याशिवाय मुलींची तुकडी घेऊ नका. पकड दाखवायची असेल तेव्हा मुलीचे मनगट तुम्ही धरण्याऐवजी तिला तुमचे धरू द्या, आणि कोणालाही हात लावण्याआधी विचारा, दर वेळी. हे केवळ सभ्यतेसाठी सांगत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड समोर ठेवून शिकवलेले ठोसे या मुलींच्या खऱ्या अडचणीला पुरत नाहीत. ओळखीच्या काकांचा, शेजाऱ्याचा, सरांचा हात ठामपणे बाजूला करणे, मोठ्या आवाजात नको म्हणणे, आणि घरी येऊन सांगणे, याचाही सराव द्यावा लागतो, आणि तो सराव नकार न ऐकणाऱ्या सरांच्या वर्गात होऊ शकत नाही. एखाद्या मुलाने किंवा मुलीने विश्वासाने काही सांगितले, आणि ते लैंगिक अत्याचाराविषयी असेल, तर मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

मोठ्या मुलांना कायदाही सांगावा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतःच्या बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो हक्क बचावाला लागते तेवढीच इजा करण्यापुरता असतो, आणि शरीराला धोक्याची रास्त भीती असेपर्यंतच टिकतो. समोरचा पळू लागल्यावर किंवा खाली पडल्यावर मारलेली लाथ त्या हक्कात बसत नाही. माझ्या वर्गात प्रत्येक डावाच्या शेवटी मुलाला तीन पावले मागे जाऊन दाराकडे पाहायला लावत असू. सुटून पळाला तो जिंकला, असा आमचा नियम होता, आणि कित्येक पालकांना तो भेकडपणा वाटे.

मंडळाच्या लोकांना काय सांगायचे, ते थोडक्यात लिहिते. एका गटात १२ ते १५पेक्षा जास्त मुले घेणार नाही, वजन आणि वय पाहूनच जोड लावीन, मॅट आणि प्रथमोपचार पेटी आल्याशिवाय फेकी घेणार नाही, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते आधी ठरवीन. पालकांना फौजी शिस्त हवी असेल तर त्यांना एक संध्याकाळ वर्गात बसवा आणि फौजेत जखमी माणसाचे काय करतात तेही दाखवा. हे मंडळाला मान्य नसेल तर ती जागा सोडा. नाशिकमध्ये मैदानांची वाण नाही, आणि चार मुलांना घेऊन गोदेकाठच्या एखाद्या मोकळ्या जागेत सकाळी पावले आणि पडणे शिकवणे हेही सन्मानाचे काम आहे. तुम्ही स्वतः अजून शिकायचे आहे असे वाटत असेल, तर तेही करा. तुम्हाला लढता येते. मुलांना शिकवणे हे वेगळे कसब आहे, आणि ते येत नाही असे म्हणण्यात हवालदाराला कमीपणा नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१पासून हेच शिकवले जाते. नाशिकमध्येही जुने वस्ताद आणि प्रशिक्षक आहेत. एखाद्याच्या वर्गात महिनाभर कडेला बसून केवळ पाहिलेत तरी पुष्कळ मिळेल.

त्या मुलाचे प्लास्टर निघायला अजून काही आठवडे असतील, आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तोवर त्याने मॅटवर उतरायचे नाही. पण त्याची आणि घरच्यांची इच्छा असेल, तर त्याला आतापासूनच वर्गात बोलवा. तुमच्याकडे शिट्टी असेलच. ती त्याच्या हातात द्या आणि सगळ्यांसमोर सांगा की सराव चालू असताना कोणीही नको म्हणाले, किंवा त्याला कोणाचा चेहरा बरा दिसला नाही, की त्याने शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी हात सोडायचे, तुम्हीसुद्धा. पहिल्या दिवशी तो बहुधा वाजवणार नाही. दुसऱ्या दिवशी एखाद्या लहानग्यासाठी घाबरत घाबरत वाजवील आणि आधी तुमच्याकडे बघेल. त्या वेळी तुमच्या हातात कोणाची पकड असेल ती तेथल्या तेथे सोडा.